डिझेल घ्यावी की पेट्रोल? आपल्या रस्त्यांवरचा हिशेब

कोजागिरीला दूध आटेपर्यंत ज्या गप्पा रंगतात, त्यांत यंदा राजकारण मागे पडलं आणि गाड्यांनी बाजी मारली. निमित्त आपल्या मंडळातल्या एका काकांचं. शाळेतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले आणि आयुष्यातली पहिली नवी चारचाकी घ्यायचं ठरलं. आजवर स्कूटर आणि एक जुनी, दुसऱ्याच्या हातची मारुती एवढ्यावर त्यांचं भागलं होतं. पुण्यातला मुलगा म्हणतो, "बाबा, पेट्रोलच घ्या." मलाजखंडचा भाचा म्हणतो, "मामा, डिझेलशिवाय मजा नाही. ॲव्हरेज बघा, पिकअप बघा." काकूंचं म्हणणं एवढंच, की नागपूरला दवाखान्यात जाताना गाडी रस्त्यात बंद पडू नये. दुधाचे पेले रिकामे झाले तरी निकाल लागेना. शेवटी काका म्हणाले, "तुम्ही लोक गाड्यांतले. एकदा नीट लिहून द्या ना, म्हणजे सगळ्यांच्याच कामी येईल."

म्हणून हा लेख. आम्ही म्हणजे मंडळातले चार-पाच जण. कुणी खाणीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केलेलं, कुणी गॅरेजात हात काळे केलेलं, कुणी नुसतंच गाडीवेडं. आमचंही आपसांत सगळं पटतं असं नाही, ते पुढे दिसेलच.

डिझेलचा लौकिक आला कुठून

आपल्या भागात डिझेलवर माणसांचा विश्वास बसला तो गाडीमुळे नव्हे, शेतामुळे. धानाच्या बांधावर टकटक करणारं पंपाचं इंजिन ज्यांनी लहानपणी पाहिलं, त्यांना वेगळं काही सांगायला नको. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढे शेतातल्या इंजिनाचं नावच कित्येक गावांत 'किर्लोस्कर' पडलं, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. ट्रॅक्टर डिझेलचा, ट्रक डिझेलचा, वारासिवनी-कटंगीला सवारी भरून जाणारी जीप आणि ट्रॅक्स डिझेलची. जे राबतं ते डिझेल, अशी खूणगाठ तेव्हाच बसली. पेट्रोल म्हणजे साहेबाची गाडी.

घरच्या गाडीत डिझेल खऱ्या अर्थाने आलं ते टाटांच्या इंडिकामुळे, १९९८च्या अखेरीस. पुण्यात तयार झालेली ही गाडी आपल्याकडे टॅक्सी म्हणून जास्त धावली आणि घरची म्हणून कमी, पण "चार माणसं, सामान, एसी लावून आणि एवढं ॲव्हरेज!" हे वाक्य तिच्यामुळेच घरोघरी पोचलं. मग आलं फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन. स्विफ्टमध्ये तेच, डिझायरमध्ये तेच, टाटाच्या व्हिस्टा-मांझामध्ये तेच, फियाटच्या पुंटोमध्ये तर होतंच. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात ते बनायचं आणि मारुती परवाना घेऊन स्वतःही बनवायची. गाड्यांवर लिहिणारे लोक त्याला थट्टेने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे.

पण त्या लाटेमागे इंजिनाच्या गुणांइतकाच सरकारी भावाचा हात होता, हे आपण विसरतो. पेट्रोलचे भाव जून २०१०मध्ये सरकारने मोकळे सोडले, डिझेलचे मात्र धरून ठेवले. मे २०१२मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे झालं तेव्हा डिझेल होतं ४० रुपये ९१ पैसे. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक! त्यात डिझेल गाडी लिटरला चार-पाच किलोमीटर जास्त जाणार. मग कुणाला पेट्रोल घ्यायची बुद्धी होईल? त्या काळी शोरूममध्ये डिझेल स्विफ्टसाठी महिनोन् महिने थांबावं लागे आणि पेट्रोल उभ्याउभ्या मिळे, हे आमच्यापैकी दोघांनी अनुभवलं आहे.

ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचेही भाव मोकळे झाले. जून २०२०मध्ये तर दिल्लीत काही दिवस डिझेल पेट्रोलपेक्षा महाग विकलं गेलं. आज फरक आहे, पण तो साधारण चौदा-पंधरा रुपयांचा. काकांचा भाचा जो हिशेब सांगतो तो २०१२ सालचा. तेव्हा तो बरोबरच होता.

आत काय घडतं

सायकलला हवा भरताना पंपाचा खालचा भाग हाताला चटका देतो. हवा दाबली की तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७मध्ये यशस्वी करून दाखवलेलं इंजिन याच गोष्टीवर उभं आहे. डिझेल इंजिनात नुसती हवा आत घेतात आणि ती मूळ जागेच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यात दाबतात. तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं. त्या क्षणी बारीक भोकांतून, प्रचंड दाबाने डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. ठिणगी लागत नाही, प्लग लागत नाही. थंडीत जुन्या डिझेल गाडीची चावी फिरवली की पिवळा वेटोळ्याचा दिवा दिसतो तो प्लगचा नव्हे, आतल्या छोट्या हीटरचा असतो. तो विझल्यावर स्टार्टर मारायचा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा चांगलाच उतरतो, तेव्हा ही दोन सेकंदांची वाट पाहायला हरकत नाही.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबतात, पण दहा-बारा पटींच्या पुढे सहसा नाही. जास्त दाबलं तर ठिणगी पडायच्या आधीच ते कोपऱ्यात कुठेतरी पेटतं आणि इंजिन खडखडतं. त्यालाच मिस्त्री लोक 'नॉकिंग' म्हणतात. दाब कमी म्हणजे जळणातून काढून घेता येणारं कामही कमी. दुसरं, पेट्रोल इंजिनाचा वेग कमी करायचा तर हवेच्या वाटेतला पडदा बंद करावा लागतो, म्हणजे इंजिन अर्धवट दाबलेल्या नाकाने श्वास घेत राहतं आणि त्या ओढाताणीत इंधन वाया जातं. डिझेलमध्ये हवा पोटभर येते, फक्त डिझेल कमी-जास्त सोडतात. काली पुतली चौकात गर्दीतून रांगत जाताना डिझेल गाडीचं ॲव्हरेज फारसं घसरत नाही, त्याचं मुख्य कारण हे.

ॲव्हरेजच्या फुशारकीत एक छोटी मखलाशीही आहे. एक लिटर पेट्रोल भरतं सुमारे ७४० ग्रॅम, एक लिटर डिझेल सुमारे ८३० ग्रॅम. किलोमागे दोघांत ऊर्जा जवळजवळ सारखीच. आपण मात्र लिटरने विकत घेतो, म्हणून डिझेलच्या लिटरमध्ये मुळातच दहा-बारा टक्के जास्त माल असतो. उरलेला फायदा इंजिनाच्या कसबाचा.

आता पेट्रोलबद्दल एक गोष्ट अलीकडची. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच म्हटलं होतं, की निव्वळ पेट्रोलसाठी आखलेल्या आणि दहा टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी कमी होऊ शकतं. नव्या, वीस टक्क्यांसाठीच जुळवलेल्या गाड्यांत घट कमी. "गाडी पहिल्यासारखी जात नाही" अशी तक्रार जुन्या पेट्रोल गाडीचे मालक करतात, ती सगळीच मनाची समजूत नाही.

गांगुलपाऱ्याचा चढ

ताकदीच्या गोष्टीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जाहिरातीत दोन आकडे असतात, एक पीएस, म्हणजे आपण ज्याला हॉर्सपॉवर म्हणतो ते, आणि एक टॉर्क, न्यूटन मीटरमध्ये. एकाच गाडीचं उदाहरण घेऊ. ह्युंदाई क्रेटाचं १.५ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन ११५ पीएस देतं आणि १.५ लिटरचं डिझेल ११६ पीएस. म्हणजे ताकद सारखी. पण टॉर्क पाहा: पेट्रोलचा १४४, तोही इंजिन मिनिटाला ४,५०० फेरे फिरू लागल्यावर. डिझेलचा २५०, आणि तो १,५०० फेऱ्यांपासूनच हजर.

बाजार समितीतले दोन हमाल डोळ्यांपुढे आणा. एक जण एका खेपेला दोन पोती उचलतो आणि सावकाश चालतो. दुसरा एकच पोतं घेतो पण दुप्पट खेपा मारतो. संध्याकाळी दोघांनी रचलेली थप्पी सारखीच. थप्पी म्हणजे हॉर्सपॉवर, एका खेपेची पोती म्हणजे टॉर्क आणि खेपा म्हणजे इंजिनाचे फेरे. पहिला डिझेल, दुसरा पेट्रोल.

आता बैहरच्या रस्त्याने कान्ह्याला निघा. मुक्की गेटची सकाळची सफारी, गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली. गांगुलपाऱ्याच्या पुढे घाट लागतो. वळणावर गाडीचा वेग पडतो, काटा २,००० फेऱ्यांवर येतो. गुणाकार केला तर डिझेल इंजिन त्या क्षणी सुमारे ७० पीएस देत असतं. पेट्रोलचा टॉर्क तिथे १३०च्या आसपास धरला तर ते देतं जेमतेम ३७. पाय दाबला की डिझेल उचल खातं आणि पेट्रोल "थांबा, बघतो" म्हणतं. पिकअप पिकअप म्हणतात ते हेच. भाच्याचं म्हणणं इथपर्यंत सोळा आणे खरं.

पण गिअर खाली टाका. पेट्रोल गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात घ्या, काटा ४,०००वर जाऊ द्या. तेच इंजिन आता ८०च्या आसपास देतं आणि गाडी घाट विनातक्रार चढते. फक्त आवाज येतो. आपल्याकडे पेट्रोल गाडी 'चढत नाही' म्हणणाऱ्या दहापैकी आठ जण चौथ्या गिअरात तिला रेटत असतात, कारण इंजिन ओरडलं की त्यांना वाटतं ते तुटेल, नाहीतर पेट्रोल पितंय. तुटत नाही. पेट्रोल इंजिन सहा हजार फेऱ्यांसाठी बनवलेलं असतं, चार हजार हा त्याचा रोजचा घास आहे. उलट कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरात, भरल्या गाडीत दाबत राहिलात तर नॉकिंग होतं आणि नुकसान तिथे होतं. आमच्यातल्या एकाने पंधरा वर्षं डिझेल चालवून पेट्रोल घेतली आणि पहिले तीन महिने तिला शिव्या घातल्या. चूक हाताच्या सवयीची होती.

उतरताना दोन्ही गाड्यांना एकच नियम. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, न्यूट्रल करायचं नाही. दोन लिटर तेल वाचवायच्या नादात ब्रेक तापवून घेऊ नका.

टर्बो पेट्रोल नावाचा तिसरा भिडूही आता आहे. त्याच क्रेटाचं १.५ टर्बो पेट्रोल २५३ न्यूटन मीटर देतं, म्हणजे डिझेलच्या बरोबरीने, आणि तेही १,५०० फेऱ्यांपासून. फरक एवढाच, की ती ताकद वापरली तर टाकी लवकर रिकामी होते. आमच्या गटात या गाडीवर दोन तट आहेत. तरुण मंडळी एका बाजूला, पेट्रोलची बिलं भरणारे दुसऱ्या बाजूला.

पैशाचा हिशेब

कंपनी सांगते ते ॲव्हरेज प्रयोगशाळेतलं असतं. त्याच क्रेटाचा हातच्या गिअरचा आकडा पेट्रोलला १७.४ आणि डिझेलला २१.८. आपल्या रस्त्यांवर गुरं, गतिरोधक, रेल्वे फाटक आणि एसी धरून तो आकडा कुणालाच मिळत नाही. खरं ॲव्हरेज काढायचं तर टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर टिपून ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा आणि किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. असं निदान चार वेळा करा. स्क्रीनवरचा आकडा बहुतेक गाड्यांत थोडा खुशामतखोर असतो.

समजा, पेट्रोल १०८ रुपये आणि गाडी १३.५ किलोमीटर जाते. किलोमीटरला ८ रुपये. डिझेल ९३ रुपये आणि गाडी जाते १७. किलोमीटरला साडेपाच रुपयांच्या जवळ. म्हणजे डिझेलवाल्याचे दर किलोमीटरला अडीच रुपये वाचले. आजचे भाव वेगळे असतील तर तुमच्या पंपावरचे आकडे घाला. गोंदियाला जाणं-येणं असेल तर तिथला फलकही बघा, राजेगावचा पूल ओलांडला की राज्य बदलतं आणि कर बदलतो.

आता डिझेल गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा दीड लाखाने महाग आहे असं धरा, साधारण तेवढा फरक पडतोच. अडीच रुपयांनी दीड लाखाला भागलं की येतात साठ हजार किलोमीटर. तिथपर्यंत डिझेलवाला फक्त आपले जास्तीचे पैसे वसूल करत असतो, फायदा त्यानंतर.

काकांचं फिरणं किती? सकाळी बाजार, नातीला शाळेत सोडणं, संध्याकाळी मोती तलावापर्यंत, महिन्यातून एकदा गोंदिया, दोन-तीन महिन्यांतून एकदा नागपूर. नागपूर जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर. सगळं मिळून महिन्याला पाचशे धरू, वर्षाला सहा हजार. साठ हजार व्हायला दहा वर्षं लागतील. काका तेव्हा सत्तरीत असतील.

भाचा मलाजखंड ते बालाघाट आठवड्याला दोन खेपा करतो, मध्ये नागपूर, मध्ये जबलपूर. महिन्याला दोन हजार किलोमीटर सहज. त्याचे दीड लाख अडीच वर्षांत निघतात. म्हणून तो त्याच्या जागी बरोबर आहे. मामाच्या जागी नाही.

यात दुरुस्तीचा खर्च धरलेला नाही. डिझेलचा फवारा मारणारा पंप आणि इंजेक्टर फार बारीक कामाचे असतात, हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट दाबावर ते चालतात. डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा आला तर पहिला मार त्यांनाच बसतो आणि बिल पाहून माणूस खाली बसतो. फिल्टर वेळेवर बदलणं, त्यातलं साठलेलं पाणी काढायला सांगणं, हे चुकवू नये. साध्या पेट्रोल गाडीत एवढं नाजूक काही नसतं.

फिल्टरचा दिवा

ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायलाच हवा होता ती आता. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. त्याच वेळी मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं, कारण छोट्या डिझेल इंजिनाला नियमांत बसवायचा खर्च परवडणारा नव्हता. ज्यांनी डिझेल चालू ठेवलं त्यांनी धुराच्या नळीत एक जाळी बसवली: डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, चिनीमातीच्या जातीचा ठोकळा. डिझेलच्या धुरातली बारीक काजळी त्यात अडकते.

अडकते, पण नाहीशी होत नाही. ती जाळावी लागते आणि त्यासाठी धूर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो. महामार्गावर पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने गेलं की गाडी हे काम गुपचूप उरकून घेते, थोडं जास्तीचं डिझेल सोडून. पण घरापासून शाळा दीड किलोमीटर, शाळेपासून बाजार एक, बाजारापासून घर दोन, आणि प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद, असं रोज चाललं तर इंजिन धड तापतच नाही. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा सावकाश तापतं, तो त्याच्या काटकसरीचाच दुसरा चेहरा. काजळी साठत जाते. गाडी जाळायला सुरुवात करते, तोवर आपण घरी पोचून चावी काढलेली असते. पुन्हा उद्या तेच. जास्तीचं डिझेल थोडं थोडं इंजिन ऑइलमध्ये झिरपतं ते वेगळंच.

आमच्यापैकी एकाकडे हेच झालं. बहुतेक वापर घर, भरवेली आणि घर. आठ महिन्यांनी फिल्टरचा दिवा लागला. त्याने तो पाहिला आणि "सर्व्हिसला सांगू" म्हणून सोडून दिला. पुढच्या आठवड्यात मेहुणीच्या मुलीच्या साखरपुड्याला निघाला असताना लालबर्ऱ्याच्या पुढे गाडीने जोरच सोडला. चाळीसच्या वर जाईना. इंजिन वाचवण्यासाठी गाडी स्वतःच असं करते. वऱ्हाडी गाडीत, आहेराची टोपली मांडीवर, आणि मागून बैलगाडीवाला हॉर्न नाही म्हणून हाका मारतोय. साखरपुडा चुकला, मेहुणी अजून बोलते. पुढे कार्यशाळेत संगणक लावून काजळी जाळून घ्यावी लागली.

तेव्हा बीएस-६ डिझेल गाडी असेल तर तो दिवा लागल्या दिवशीच गोंदिया रोडला लागा. राजेगावच्या दिशेने वीस-पंचवीस मिनिटं, एक गिअर खाली ठेवून काटा २,०००च्या वर राहील अशी एकसारखी चालवा, मध्ये बंद करू नका. बहुतेक वेळा दिवा विझतो. नेमकं काय करायचं ते तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, ते वाचा. इंजिन ऑइल फिल्टरला चालणारंच घाला, कुठलंही नाही. काही गाड्यांत युरियाचं पाणीही भरावं लागतं, त्याची टाकी रिकामी झाली तर गाडी पुन्हा सुरूच होत नाही.

आणि कुणी मिस्त्री म्हणाला, "भाऊ, ती जाळी काढून टाकू, कटकट मिटेल," तर नको म्हणा. ते कायद्याने चालत नाही हा एक भाग. दुसरा असा, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. ती काजळी शाळेच्या फाटकासमोर उभ्या मुलांच्या नाकात जाते, आपलीच मुलं असतात ती.

जुनी डिझेल स्वस्तात मिळते तेव्हा

राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१५मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यात पुढे बदल झाले, पण तोवर तिकडच्या चांगल्या दिसणाऱ्या डिझेल गाड्या स्वस्तात बाहेर पडल्या आणि दलालांच्या हाताने आपल्यासारख्या गावांत आल्या. त्या वाईटच असतात असं नाही. बीएस-४च्या जुन्या छोट्या डिझेल गाड्यांत बहुधा फिल्टर नसतो, म्हणून शहरात चालवायला सोप्याही पडतात. पण ना-हरकत पत्र, कर भरल्याची पावती आणि आपल्या आरटीओत नोंदणी झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू करून बघा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर समजून जा. सुरू होताना पांढरा-निळा धूर बराच वेळ राहिला, किंवा दाबल्यावर काळा लोट निघाला, तर आपला मिस्त्री बरोबर न्या.

सीएनजी आणि बॅटरीच्या गाड्यांचं विचारणारे बरेच आहेत. तो विषय मोठा आहे, इथे कोंबत नाही.

काकांनी काय केलं

काकांनी दोन्ही गाड्या चालवायला मागितल्या, आणि शोरूमपासून चौकापर्यंत नव्हे, गांगुलपाऱ्यापर्यंत. सेल्समन आढेवेढे घेत होता, पण मास्तरांचा आवाज अजून वर्गातला आहे. गाडीत काकू, आमच्यातले दोघे आणि मुद्दाम ठेवलेली चिन्नोर तांदळाची दोन पोती, कारण नागपूरच्या लेकीकडे तांदूळ गेल्याशिवाय त्यांची गाडी जाणार नाही. डिझेलमध्ये काका तिसऱ्या गिअरात गप्पा मारत चढले. पेट्रोलमध्ये एका वळणावर दम लागला, आम्ही म्हटलं, "सर, दुसरा टाका," त्यांनी टाकला आणि गाडी गेली. काकू म्हणाल्या, "ही ओरडते जरा, पण जाते." उतरल्यावर काकांनी वहीत महिन्याचे किलोमीटर पुन्हा एकदा मांडले, अगदी लेकीच्या बाळंतपणाच्या खेपा धरून. सातशेच्या पुढे आकडा जाईना. पेट्रोल बुक केली. भाचा म्हणाला, "मामा, चूक केली." आमच्यातल्या एकालाही तसंच वाटतं. त्याचं म्हणणं, भरल्या गाडीने रात्री-बेरात्री ट्रकला ओलांडताना डिझेलचा जोर हाताशी असला की जीव निर्धास्त असतो, आणि त्याला पैशात मोजता येत नाही. ते त्याचं खरं आहे, म्हणून तोही इथे नोंदवला.

एक शेवटची गोष्ट, घरात आता दोन प्रकारच्या गाड्या असतील त्यांच्यासाठी. भाचा दिवाळीत मामाची पेट्रोल गाडी घेऊन पंपावर गेला आणि सवयीने "डिझेल, टाकी फुल" म्हणाला. पंपावरच्या पोराने झाकणाआतली पट्टी वाचली म्हणून बचावला. डिझेलचा नोझल जाड असतो, नव्या पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा शिरत नाही. उलट चूक जास्त होते: पेट्रोलचा नोझल डिझेल गाडीत सहज जातो. डिझेलचा पंप डिझेलच्याच चिकटपणावर वंगण घेतो, पेट्रोल गेलं की तो कोरडा घासतो. असं झालंच तर चावी फिरवू नका, अगदी दिवे बघायलाही नको, कारण कित्येक गाड्यांत तेवढ्यानेच पंप सुरू होतो. गाडी ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करून धुऊन घ्या. सुरू करण्याआधी लक्षात आलं तर खर्च थोडक्यात आटोपतो. काकूंनी आता झाकणाच्या बाहेरच्या बाजूला लाल अक्षरांत 'पेट्रोल' लिहून चिकटवलं आहे, देवनागरीत.